दंतोपंतांच्या गाड्यांचा चिखल

दंतोपंतांचं खरं नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवायचे आणि हे घरामागच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिकमधून दातांची ओळ उभी करायचे. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं यांच्या दातांनी हसतात, असं टायरवाला म्हणायचा. दंतोपंत हे नावही त्यानेच ठेवलेलं. ठेवलं ते असं चिकटलं की घरी आलेला पाहुणासुद्धा 'दंतोपंत आहेत का' म्हणूनच दार वाजवायचा.

आता अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? झाडांना पाणी घालावं, बाकावर बसून सरकारला शिव्या द्याव्यात. दंतोपंतांना तसलं काही जमणारं नव्हतं, कारण त्यांना आधीपासूनच लढाईचं वेड. टेबलावरच्या लढाईचं. टेबलावर टेकड्या, नद्या, रस्ते मांडायचे, इतिहासातली एखादी खरी लढाई घ्यायची, दोन्हीकडची सैन्यं बोटाच्या पेराएवढी करायची, आणि फासे टाकून, पट्टीने अंतर मोजून ती लढाई पुन्हा लढायची. कधी इतिहासात हरलेले इथे जिंकतात, कधी जिंकलेले मार खातात, आणि संध्याकाळ झाली की दोन्हीकडचे सेनापती वाटेत भाजी घेऊन आपापल्या घरी जातात. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध पोरकटपणा वाटतो. वाटू दे. पत्ते कुटण्यात तरी कुठे मोठा पुरुषार्थ आहे?

ही मंडळी जमायची टायरवाल्याच्या दुकानावरच्या माडीत. तिथे दोन जुने दरवाजे जोडून केलेलं टेबल होतं आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी रबराचा वास होता. लढाई कोणती घ्यायची ते मास्तर ठरवायचे. मास्तर म्हणजे शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळा सुटली पण छडी सुटली नाही, असं काम. आणि गाड्या सगळ्या दंतोपंतांच्या. रणगाडे, चिलखती मोटारी, तोफा ओढणारे ट्रक, पुढे चाकं आणि मागे साखळीपट्टे असलेल्या त्या अर्धवट गाड्या. ज्या कोरणीने दाढेच्या खाचा काढल्या, त्याच कोरणीने ते आता काडेपेटीपेक्षा लहान रणगाड्याचे खिळे काढायचे. तिथे एक नियम मात्र कडक होता. मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला कुणी बोट लावायचं नाही. सख्खा भाऊ आला तरी नाही.

त्या वेळी मास्तरांनी एक माघार निवडली होती. मागच्या महायुद्धातलं एक सैन्य बर्फ वितळल्यावर रस्त्यांचा नुसता राडा झालेल्या मुलखातून मागे हटत होतं. मास्तर म्हणाले, की या लढाईत खरा शत्रू चिखल आहे, तेव्हा गाड्या चकाचक आल्या तर मी खेळ सुरूच करणार नाही. शिवाय त्यांनी नियमच तसा केला होता. जिच्या चाकांच्या कण्यापर्यंत चिखल ती गाडी रुतलेली, फाशावर सहा पडल्याशिवाय हलायची नाही. म्हणजे चिखल हा शोभेचा नव्हता, खेळाचा होता. दंतोपंत खूश झाले. चिखल ही त्यांची खास विद्या होती. प्लास्टरची पूड, लाकडाचा बारीक भुसा, मातकट रंगाची भुकटी, थेंबभर पाणी. वरून लाखेचा हात ते कधी देत नसत, कारण लाख मारली की चमक येते आणि गाडी चिखलातून नाही, चॉकलेटमधून आल्यासारखी दिसते. त्यामुळे तो चिखल दिसायला अस्सल, पण कच्चा.

रविवारी लढाई होती. सोमवारी सकाळी बसून त्यांनी चार ट्रक कण्यापर्यंत माखले, फळीवर ओळीने वाळत ठेवले, जेवले आणि टेबलावरचे रस्ते करायला माडीवर गेले. संध्याकाळी परत येऊन बघतात तर चारही ट्रक स्वच्छ. ओळ तीच, जागा तीच, चिखल नाही.

दंतोपंतांनी चष्मा पुसला. मग ट्रक उचलून खिडकीशी नेला. चाकाच्या खोबणीतसुद्धा कण नव्हता. त्यांना वाटलं, आपण हे काम करायचं ठरवलं होतं, केलं नव्हतं. होतं असं. माणूस मनात एखादं पत्र लिहितो आणि टाकलं असं समजून उत्तराची वाट बघतो. पण कुंचला हातात घेतला तर तो मातकट रंगाने कडक झालेला. भुकटीची बाटलीही खाली गेलेली. म्हणजे चिखल केला होता. मग गेला कुठे? पाय फुटले त्याला?

घरात ते आणि सिस्टर, दोघंच. सिस्टर म्हणजे त्यांची बायको. शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. सर्जन लोकसुद्धा त्यांच्यापुढे हात धुवून उभे राहायचे, कारण न धुता उभं राहायची सोय नव्हती. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची आणि दंतोपंतही सिस्टरच म्हणायचे. मागच्या खोलीशी मात्र सिस्टरांचा जुना करार होता. रंगाच्या वासाने डोकं धरतं, तेव्हा त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही आणि तुम्ही तिथलं काही बाहेर आणायचं नाही. हा करार दोघांनी इतकी वर्षं पाळला होता की त्या खोलीला उंबरठा आहे हे सिस्टरांच्या पायांना माहीतच नव्हतं.

तरी त्यांनी विचारलं. सिस्टर पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, की मी कशाला जाऊ तिथे मरायला, माझं डोकं काय मला जड झालंय? आणि सिस्टर खोटं बोलत नसत. पेशंटला 'दुखणार नाही' असं खोटंसुद्धा त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यामुळे दंतोपंतांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला आणि तिथेच त्यांची झोप उडाली.

मंगळवारी त्यांनी पुन्हा चिखल केला. संध्याकाळी पुन्हा गाड्या स्वच्छ, आणि सिस्टरांना विचारलं तर पुन्हा तेच उत्तर. बुधवारी सकाळी त्यांनी दाराला कडी घातली का नाही हे तीनदा बघितलं आणि माडीवर गेल्यावर कडी घातली की नाही हेच आठवेना. परत आले तर कडी लावलेली आणि गाड्या लख्ख.

आता दंतोपंत खरंच घाबरले. कारण ही वाट त्यांच्या ओळखीची होती. त्यांचे वडील याच वयात विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वाट, मग माणसं. शेवटी शेवटी तर ते आईला 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात' असं विचारायचे, आणि आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायची. दंतोपंतांना त्या प्रश्नाची जेवढी भीती होती तेवढी मरणाची नव्हती. मेलेला माणूस निदान घरच्यांना ओळख विचारत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. परवा आमटी इतकी खारट लागली की त्यांना वाटलं आपली जीभच गेली. सिस्टर तर मुकाट्याने जेवत होत्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली, तेव्हा त्यांना वाटलं आपणच ते ठेवलं असेल. दाराची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली, ती आपणच टाकली असणार. दळण आणायचं राहिलं, तेही आपणच विसरलो. सगळ्या चुका त्यांनी आपल्या नावावर लावून घेतल्या. स्वतःवरचा संशय मोठा वाईट. तो एकदा घरात शिरला की पुरावा मागत नाही.

टायरवाल्याला त्यांनी आडून आडून विचारलं, की मी हल्ली तेच तेच बोलतो का रे? टायरवाला म्हणाला, तुम्ही आधीपासूनच तेच तेच बोलता, आम्ही ऐकायचं सोडलं म्हणून तुम्हाला कळलं नाही. एरवी दंतोपंत हसले असते. त्या दिवशी ते चहा अर्धा ठेवून घरी निघाले.

गुरुवारी त्यांनी एक शक्कल काढली. चिलखती मोटार माखली, वाळू दिली आणि रुमालात गुंडाळून खिशात घालून थेट मास्तरांपुढे नेऊन धरली. मास्तरांनी हात न लावता, वाकून बघितली. दंतोपंतांनी विचारलं, हिच्यावर काय दिसतंय? मास्तरांना वाटलं परीक्षा आहे. ते चिखलाचा रंग, त्यातला भुसा, कण्याची उंची असं सगळं सांगत बसले. चिखल आहे! दंतोपंतांना इतका आनंद झाला की त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले, आणि मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर दंतोपंतांनी मोटार फळीवर ठेवली आणि औषधांच्या दुकानात जाऊन आले. तेवढ्यात ती स्वच्छ झाली होती.

म्हणजे चिखल खरा होता आणि नाहीसाही खराच होत होता. एक तर भूत, नाही तर आपण. भुताला दुसरा उद्योग नाही की काय, कवळीवाल्याचे ट्रक धूत बसायला? म्हणजे आपणच. आपणच माखतो, आपणच धुतो आणि धुतलेलं विसरतो. दंतोपंत पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांना रडू आलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी रणगाड्यांसकट सगळ्या गाड्या पुन्हा माखल्या आणि दुपारी ते माडीवर जायला निघाले, पण कोपऱ्यावर गेल्यावर पट्टी घरीच राहिल्याचं लक्षात आलं. आणखी एक विसर, असं मनाशी म्हणत ते मागे फिरले. दार लोटलं तर स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि सिस्टर काहीतरी गुणगुणत होत्या.

ओट्यावर पांढरा टॉवेल अंथरला होता. त्यावर चारही ट्रक, चिलखती मोटार आणि दोन रणगाडे, सगळे एका दिशेने तोंड करून, सारख्या अंतरावर, ऑपरेशनच्या आधी हत्यारं मांडतात तसे मांडलेले. सिस्टरांच्या हातात जुना दातांचा ब्रश होता आणि त्या साबणाच्या पाण्यात एका रणगाड्याचे पट्टे घासत होत्या. हलक्या हाताने, एकही खिळा न दुखवता. इतकं सुरेख काम चाललं होतं की दंतोपंत क्षणभर बघतच राहिले.

आणि मग ते हसत सुटले. भिंतीला टेकून, पोट धरून. म्हणजे मी ठीक आहे! डोकं जागेवर आहे, वाट आठवते, बायको आठवते. त्यांनी जाऊन सिस्टरांना मिठीच मारली. सिस्टर ओले हात वर धरून म्हणाल्या, की म्हातारपणी हे काय सुचलंय, आधी हात धुवा. दंतोपंत म्हणाले, की अगं, आठवडाभर तू माझा जीव टांगणीला लावलास, रोज धुतेस आणि विचारलं तर नाही म्हणतेस!

"रोज?" सिस्टर म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा बघतेय ही खेळणी. कुणीतरी एवढी माखून ठेवलीत, म्हटलं धुऊन टाकावीत."

दंतोपंतांना वाटलं त्या थट्टा करताहेत. त्यांनी विचारलं, आणि खोलीत न जायचा करार? डोकं दुखायचं ते? सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत लबाडी नव्हती आणि चीडही नव्हती. कसला करार ते त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी गाड्या कोरड्या केल्या, मागच्या खोलीत नेल्या, जशा होत्या तशा फळीवर लावल्या आणि बाहेर येऊन कडी घातली. सवयीचं काम, हात कुठे अडला नाही.

मग त्यांनी चहा केला. दंतोपंतांनी कप हातात घेतला पण तोंडाला लावला नाही. थोड्या वेळाने त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की गाड्यांचा चिखल सहज निघाला का गं?

"कसल्या गाड्या?" सिस्टर म्हणाल्या. त्यांची बोटं अजून पाण्याने सुरकुतलेली होती. "तुमचं हल्ली हे फार झालंय बाई. सोमवारपासून एकच विचारताय, खोलीत गेली होतीस का, गाड्यांना हात लावलास का. मला काळजी वाटते हो तुमची."

खारट आमटी, उतू गेलेलं दूध, साखरेतली किल्ली. दंतोपंतांनी एकेक आठवलं आणि या वेळी प्रत्येक गोष्ट आपल्या नावावरून काढून तिच्या जागी ठेवली. मघाशी आपण केवढ्याने हसलो, हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली. आठवडाभर ज्या दुखण्याला ते आपलं समजून भ्यायले होते, ते घरात होतंच. फक्त शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतं.

रविवारी गाड्या माडीवर गेल्या त्या तशाच, धुतलेल्या. पुन्हा माखायला वेळ होता, पण दंतोपंतांचा हात धजला नाही. मास्तरांनी डबा उघडलेला बघितला आणि कपाळाला आठी घातली. टायरवाला म्हणाला, की अहो, आपलं सैन्य माघार घेतंय, वरातीला नाही चाललेलं. सगळे दंतोपंतांच्या उत्तराची वाट बघायला लागले. सांगण्यासारखं खरं उत्तर होतं. बायको धुते आणि विसरते, एवढंच म्हणायचं. मग इथून खाली दुकानात, दुकानातून गल्लीत, आणि उद्यापासून सिस्टर पिशवी घेऊन बाहेर पडल्या की बायका एकमेकींना कोपराने ढोसणार.

"विसरलो," दंतोपंत म्हणाले.

मास्तरांना गुरुवारचे ते धरलेले हात आठवले असणार. चिखलाचा नियम त्यांनी आजच्यापुरता रद्द केला. मास्तरांनी एखादा नियम रद्द केलेला तिथे कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे ते सैन्य कोरड्या रस्त्याने झरझर निघून गेलं आणि इतिहासात हरलं होतं तिथे जिंकलं. जिना उतरताना मास्तरांनी दंतोपंतांना बाजूला घेऊन अगदी हळू सांगितलं, की मेंदूचे एक चांगले डॉक्टर आहेत, दाखवून या, यात कमीपणा नाही. दंतोपंतांनी मान डोलावली आणि पत्ता नीट विचारून घेतला.

घरी येऊन ते सिस्टरांना म्हणाले, की तुझंच खरं, माझं डोकं चालत नाही हल्ली. डॉक्टरकडे जायचंय. एकट्याने धीर होत नाही, तू चल.

सिस्टर लगेच ताठ झाल्या. पेशंट म्हटला की त्या वेगळ्याच व्हायच्या. त्यांनी दंतोपंतांचा धुतलेला शर्ट काढून दिला, पाण्याची बाटली भरून घेतली, रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरला. डॉक्टरांना दंतोपंतांनी आधी फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, की आमच्याकडे पद्धत आहे, सोबत आलेल्यांनाही तेच प्रश्न विचारतो, म्हणजे पेशंटला संकोच वाटत नाही. सिस्टरांना ही पद्धत फार पटली.

आधी त्यांनी दंतोपंतांचं दुखणं सांगितलं. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, एकच प्रश्न कसा विचारतात. वॉर्डात सर्जनला सांगावं तसं स्वच्छ, नेमकं. मग डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले. दंतोपंतांनी वार सांगितला, महिना सांगितला, तीन वस्तू ऐकून पुन्हा म्हणून दाखवल्या. मग डॉक्टर सिस्टरांकडे वळले आणि आज वार कोणता, म्हणाले.

सिस्टर हसल्या. मग थांबल्या. भिंतीकडे बघितलं, तिथे कॅलेंडर नव्हतं. डॉक्टरांनी घाई केली नाही, पुढचा प्रश्न विचारला. मघाच्या त्या तीन वस्तू कोणत्या? सिस्टर आपल्या हातांकडे बघत राहिल्या. दंतोपंतांच्या ओठांवर तिन्ही नावं आली होती. ती गिळून बसणं त्यांना जमेना. त्यांच्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली.

सिस्टरांनी ते बघितलं. प्रश्न तसाच सोडून त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

दंतोपंत हो म्हणाले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.